मांडव घालणारे मामा

माझे सासरे आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाचे मांडव घालत राहिले, पण लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवताना त्यांना कुणी पाहिलं नाही. यजमान हात धरून न्यायला आला की ते म्हणत, "मी कामाला आलेलो माणूस हाय. कामाचा माणूस पाहुणा होत न्हाई." मग दुपारी तीन-चारला घरी येऊन ते भाकर आणि गार झालेलं वरण खात. लग्न होऊन नवी आले तेव्हा मला याचं नवल वाटायचं. यांच्या डेगांमध्ये हजार माणसांचा भात शिजतो आणि हे घरी येऊन विचारतात, "सकाळची भाकर हाय का?"

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणत आले. बोरीत जिंतूरच्या रस्त्याला त्यांचं बिछायतीचं दुकान होतं. मंडप, कनाती, सतरंज्या, गाद्या, लोड, स्वयंपाकाची मोठी भांडी, सगळं भाड्यानं जायचं. खाली दुकान आणि गोदाम, वर चार खोल्यांत आम्ही. धंद्याची सुरुवात मात्र चार गॅसबत्त्यांवर झाली होती. वडील लवकर वारले, पाठीवर दोन भाऊ आणि एक बहीण. शेत एवढंसं. मामांनी कुठून तरी चार जुन्या बत्त्या मिळवल्या आणि वरातीला द्यायला लागले. त्यातली एक ते स्वतः डोक्यावर घेऊन वरातीत चालायचे. त्यांच्या टाळूवर मधोमध एक गोल टक्कल होतं. नातीनं विचारलं की सांगायचे, "बत्तीनं खाल्ले केस."

त्या चार बत्त्यांतून त्यांनी भावांची लग्नं केली, बहिणीला उजवलं, दोन पोरं शिकवली. घरात कुणाचं काही अडलं की त्यांच्याकडं येत. मामा कधी रागावले नाहीत, कधी उपदेशही केला नाही. ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते काम झालेलं असायचं.

माझं माहेर पिंगळीचं, वडील शाळेत गुरुजी. लग्न ठरलं तेव्हा बैठकीतच मामा म्हणाले होते, "मांडवाची काळजी तुमी करू नका. मांडव आमचा." लग्नाच्या दिवशी सकाळी आमचे थोरले काका मांडवात आले. त्यांनी मामांना आधी पाहिलेलं नव्हतं. बंडी घातलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस बांबूवर चढून दोऱ्या आवळत होता. काका खालून ओरडले, "ओ मंडपवाले, ती कनात वर घ्या की जरा. पाहुणे यायची वेळ झाली अन् तुमचं अजून चालूच!"

"घेतो, घेतो," वरून उत्तर आलं.

"अन् तुमचा मालक कुठं झोपलाय?"

"येतील की मालक."

तासाभरानं व्याह्यांच्या भेटी झाल्या. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, फेटा बांधलेला तोच माणूस हात पसरून पुढं आला. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. गळाभेट घेताना मामा त्यांच्या कानात म्हणाले, "बगा बरं, कनात घेतली का न्हाई वर?" काका पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा स्वतःच सांगत. त्या दिवशी व्याही म्हणून मामांना पाटावर बसावंच लागलं. दोन घास खाऊन ते उठले आणि मागं चुलाणाकडं गेले.

घरात मात्र ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी पदर सावरून दाराआड उभी राहायची आणि ते सासूबाईंना म्हणायचे, "तिला म्हणावं, चहात साखर कमी टाक." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. सासूबाई हसायच्या आणि वळून मलाच सांगायच्या, "ऐकलंस ना?"

सासूबाईंनीच मला जुनी गोष्ट सांगितली होती. धंद्याच्या सुरुवातीला बौद्ध वस्तीतल्या एका घरी मुलीचं लग्न होतं. तिकडं भांडी द्यायला कुणी तयार नव्हतं. मामांनी दिली, वर मांडवही घातला. गावातली चार मोठी माणसं दुकानात आली आणि म्हणाली, त्यांच्याकडं गेलेली भांडी आम्ही वापरायची नाहीत. मामा म्हणाले, "मग तुमी दुसरीकडून आणा." त्या उन्हाळ्यात भांडी गोदामातच पडून राहिली. पुढच्या वर्षी तीच चार माणसं परत आली. मामांनी त्यांना चहा पाजला आणि लग्नाची तारीख विचारली.

आमची लेक चार वर्षांची होती तेव्हा सासूबाई गेल्या. त्यानंतर मामांना माझ्याशी बोलावंच लागलं. पहिल्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "माय, माझा चष्मा कुठं ठेवायची ती?"

माझे यजमान धंद्यात वडिलांबरोबर होते. धाकटे दीर पुण्याला नोकरीत. यजमान उंच, बोलके, सारखं काहीतरी नवं काढणारे. लायटिंग त्यांनी आणली, खुर्च्या त्यांनी आणल्या. मग बांबू काढून लोखंडी पाइप आणायचं त्यांच्या मनानं घेतलं. मामांना ते पटत नव्हतं. म्हणायचे, "वारं सुटलं की बांबू वाकतो. लोखंडाला वाकता येत न्हाई."

"पण दादा, चांगला बांबू आता मिळंना झालाय," यजमान वडिलांना म्हणायचे.

पाइप आले. पुढच्याच उन्हाळ्यात वालूरजवळच्या एका गावात मांडव उभा करताना वीस फुटी पाइप वरच्या विजेच्या तारेला लागला. तो यजमानांच्या हातात होता. माझ्या मुलीला तेव्हा सहावं वर्ष लागलेलं.

त्या दिवसातलं मला फार थोडं आठवतं. एक गोष्ट मात्र आठवते आणि ती मला दोन दिवसांनी कळली. मातीहून परत आल्यावर मामांनी गड्यांना बाजूला घेतलं होतं. अर्धा मांडव तसाच उभा होता आणि त्या घरचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मामा त्यांना म्हणाले, "पाइप काढा. गोदामातले बांबू न्या अन् मांडव पुरा करा. ती पोरगी हळद लावून बसलीय." गड्यांनी तो पुरा केला. सगळा गाव मामांना धन्य म्हणाला. मला मात्र ते सहन झालं नाही. ज्या जागेवर माझा नवरा पडला तिथं दुसऱ्या दिवशी सनई वाजली, आणि ती वाजावी म्हणून त्याच्याच बापानं माणसं पाठवली. कितीतरी महिने मी मामांच्या ताटात भाकर वाढायची, पण त्यांच्याकडं बघायची नाही.

तेराव्याला मामा आमच्या दारात मांडव घालू देईनात. गोदाम भरलेलं होतं, पण कुणी कनातीला हात लावला की ते नुसती मान हलवत. माणसं उन्हात कशी बसणार, असं सगळे कुजबुजत होते. सकाळी जिंतूरहून एक टेंपो आला. तिथले एक चाचा याच धंद्यातले. एकाच तारखेवरून मामांशी त्यांची बऱ्याचदा ओढाताण झालेली. चाचा उतरले, गड्यांना खुणेनं सामान उतरवायला लावलं आणि मामांचे दोन्ही खांदे धरून त्यांना ओट्यावर बसवलं. "भाई, आज तुम कुछ नक्को करो. बैठो." अख्खा मांडव त्यांनी स्वतः घातला. मामा गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. ते रडले ते तेव्हा. पोराला आणलं त्या दिवशी नाही, तेव्हा.

वर्षभरानं एका सकाळी मामांनी दुकानाच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. "घरात बसून भिंती बगू नको. खाली ये." दीर पुण्याहून फोन करून म्हणाले, वहिनी गड्यांमध्ये बसणार, लोक काय म्हणतील. मामा म्हणाले, "लोक मंडप मागायला येतील. दुसरं काय म्हणतेत?" फोन ठेवला.

मी खाली जायला लागले. पहिले काही दिवस पदर डोक्यावरून निसटू न देता एका कोपऱ्यात बसायची. मामांनी मला हळूहळू सगळं शिकवलं. मांडवाचं तोंड कोणीकडं ठेवायचं, वाऱ्याची बाजू कशी ओळखायची, किती माणसांना केवढी डेग. ते कमी बोलायचे, मीही कमी बोलायची. तसं पाहिलं तर दिवसभर आम्ही दोघं एका छपराखाली असायचो, पण एकेकटे असल्यासारखेच. मुलगी शाळेतून आली की तेवढं दुकानात बोलणं ऐकू यायचं.

असंच एका दुपारी मी आणि मामा एका कनातीची घडी घालत होतो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ते म्हणाले, "माय, एक इचारू?"

"विचारा की."

"सेलूला एक शिक्षक हायत. बायको वारली त्यांची, दोन वर्षं झाली. माणूस शांत हाय, निर्व्यसनी हाय. मी चार खेपा जाऊन बगून आलो. पोरगी संगं आणली तरी चालंल म्हणतेत. पोरगी इथं ठेवायची असली तर मी हायच. तू म्हणशील तसं."

माझ्या हातातली कनात सुटली. मी म्हणाले, "मामा, मी तुम्हाला जड झाले का?"

"न्हाई माय. न्हाई, न्हाई." खाली वाकून त्यांनी कनातीचं माझं टोकही उचललं आणि दोन्ही टोकं स्वतःच धरून घडी घालायला लागले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

तेव्हा मी तिशीत होते. मला त्यात फक्त अपमान दिसला. हा माणूस चार वेळा बोरीहून सेलूला जाऊन आला, परक्याच्या ओसरीवर बसून माझ्यासाठी शब्द टाकला, हे दिसलं नाही. मी गेले असते तर या घरात त्यांच्याशिवाय कुणीच उरलं नसतं, हेही दिसलं नाही. मी हो म्हणायला हवं होतं का, हे आज पन्नाशीला टेकल्यावरही मला सांगता येत नाही. पण त्या प्रश्नाला मी वेगळं उत्तर द्यायला हवं होतं, एवढं नक्की. तसं मी त्यांना नंतर कधी म्हणालेही नाही.

मुलगी शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथलाच मुलगा तिनं पसंत केला. लग्न पुण्यातल्या एका मोठ्या कार्यालयात. सगळी सजावट तिथल्याच लोकांची. मामांना नवे कपडे घालून पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं होतं. थोड्या वेळानं बघते तर सोफा रिकामा. शोधत गेले तेव्हा ते स्टेजच्या मागं सापडले. पडद्याचं कापड दोन बोटांत धरून तिथल्या एका पोरसवदा माणसाला विचारत होते, "हे शिवून कुठून आणता?" तो घाईत होता. "आजोबा, प्लीज पुढं बसा ना तुम्ही," म्हणाला आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणून सोडलं. मामा येऊन परत सोफ्यावर बसले. हात मांडीवर. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. जेवायच्या वेळी नवरीच ताट घेऊन आली. "आजोबा, आज तुम्ही पाहुणे आहात." ते निमूटपणे जेवले. तिनं आग्रह केला म्हणून एक गुलाबजाम जास्तीचाही घेतला. मला ते बघवलं नाही.

परत येताना रेल्वेत आम्ही दोघंच. सकाळी उजाडलं तेव्हा परतूर मागं गेलं होतं. त्यांनी चहा घेतला. मला रात्रभर झोप नव्हती. मुलीला सोडून आले होते, आणि आता स्वतःला सावरून धरावं असं कुणी समोर उरलं नव्हतं. मी विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही तो मांडव पुरा का करून घेतला?"

कुठला मांडव, असं त्यांनी विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हातांना काहीतरी काम सांगावं लागत होतं माय. न्हाईतर मी ते पाइप घेऊन स्वतःच तारेला लावले असते."

गाडी सेलूला थांबली. फलाटावर माणसं चढत-उतरत होती. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. गाडी सुटली, मग मानवत रोड आलं, मग परभणी, आणि आम्ही उतरलो.

त्यानंतरची वर्षं लवकर गेली. जिंतूरला कार्यालयं झाली, परभणीला झाली, खेड्यातली लग्नंही तिकडं जायला लागली. गडी दुसऱ्या कामांना लागले. मामांना ऐकू कमी यायला लागलं. मी ओरडून बोलायची, ते हो म्हणायचे आणि मला कळायचं की त्यांना काही ऐकू आलेलं नाही. मग मीही बोलणं कमी केलं. दुपारी दुकानात ते खुर्चीवर, मी गादीवर, आणि रस्त्यानं एसटी गेली की दोघंही मान वळवून बघायचो.

एक दिवस ते न्हाणीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणावर. दीर येऊन गेले, मुलगी रजा काढून आली आणि गेली. बाकी सगळं मीच केलं. मी त्यांना पुसायला घेतलं की ते भिंतीकडं तोंड करायचे. मी कानाशी जाऊन म्हणाले, "मामा, लेक समजा मला."

"लेकीपुढं तर जास्तच लाज वाटती माय," ते म्हणाले.

ते गेले त्या दुपारी मी त्यांना पेज भरवली होती. खालून कुणीतरी हाक मारली. बारशाला खुर्च्या हव्या होत्या. मी खाली गेले, खुर्च्या दाखवल्या, टेंपो कधी येईल ते ठरवलं. दहा मिनिटं लागली असतील. वर आले तर ते गेलेले होते. एक हात खाटेखाली लोंबत होता. वीस वर्षं आम्ही दोघं त्या घरात होतो आणि नेमकी ती दहा मिनिटं मी नव्हते. मी हात उचलून त्यांच्या छातीवर ठेवला आणि फोन करायच्या आधी थोडा वेळ तशीच शेजारी बसले.

माणसं खूप आली. कुठल्या कुठल्या गावांची, मला नावं माहीत नसलेली. म्हातारे सांगत होते, आमच्या लग्नाला यांची बत्ती होती. जिंतूरचे चाचा त्याआधीच वारले होते. तेरावा दिरांनी कार्यालयात केला, कारण ते सोयीचं होतं. मी विरोध केला नाही.

मुलगी म्हणाली, पुण्याला चल. मी गेले, महिनाभर राहिले. मुलगी-जावई दोघंही सकाळी कामाला जायची. बाराव्या मजल्यावरून मी खाली बघत बसायची. परत आले. इथं निदान सकाळी शटर वर करायला मिळतं. कनाती आता उंदरांनी खाल्ल्या, त्या मी काढून टाकल्या. डेगा एका देवस्थानाला दिल्या. खुर्च्या आणि कूलर तेवढे जातात. गोदाम विकून टाका, असं दीर दर दिवाळीला म्हणतात. मी बघू म्हणते.

मामांचा मोबाईल मी चालू ठेवला आहे. त्यांचा नंबर चाळीस गावांत भिंतींवर रंगवलेला होता, अजून कुठं कुठं आहे. फोन येतात. परवा वालूरहून एका म्हाताऱ्या माणसाचा आला.

"मालकाला द्या की जरा."

"मालक वारले. दोन वर्षं झाली."

मग तो म्हणाला, "माझ्या लेकीच्या लग्नाला मांडव त्यांनीच घातला होता. आता तिच्या लेकीचं ठरलंय. म्हणलं, त्यांनाच सांगावं."

मी सांगितलं की आता मांडव नाही, खुर्च्या आहेत. तो म्हणाला, खुर्च्या द्या मग. तारीख सांगितली. फोन ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "तुमी कोण?"

"सून."

"बरं, बरं. अन् घरात तुमच्यासंगं कोण कोण हाय?"

"हायत की," मी म्हणाले. "समदे हायत."

"मग बरं हाय," तो म्हणाला.

मी तारीख कॅलेंडरवर लिहिली. मग गोदामात जाऊन खुर्च्या बाहेर काढल्या आणि ओल्या फडक्यानं एकेक पुसायला घेतली. लग्नाला अजून वीस दिवस होते.